ऑलिंपियाकडे काय मागायचं, हे शहर कसं ठरवतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडच्या एका मध्यम शहरात राहता. मुलीच्या शाळेसमोरून जाणारा चार पदरी रस्ता राज्य महामार्गाचाच तुकडा आहे. तिथला वेग कमी व्हावा आणि पादचाऱ्यांसाठी सिग्नल बसावा, म्हणून नोव्हेंबरात तुम्ही सिटी कौन्सिलसमोर तीन मिनिटं बोललात. एका कौन्सिलमेंबरने मान डोलवत सांगितलं, "हे आमच्या स्टेट लेजिस्लेटिव्ह प्रायॉरिटीजमध्ये बसतं का पाहू," म्हणजे शहर दरवर्षी राज्याच्या विधिमंडळाकडे जे मागतं त्या यादीत. दोन आठवड्यांनी ती यादी मंजूर झाली. दोनच पानं होती, आणि तुमचा रस्ता त्यात कुठेच नव्हता. ही यादी कोण करतं, कौन्सिलची कमिटी काय बघून ठरवते, आणि पुढच्या वर्षी त्यात शिरायचं तर काय करावं, असं तुम्ही विचारताय.

वाईट बातमी आधी सांगतो. तुम्ही बोललात तेव्हा यादी ठरून गेली होती. नोव्हेंबरात कौन्सिलपुढे येते ती शिजलेली भाजी. निवडणं-चिरणं जुलै-ऑगस्टमध्येच उरकलेलं असतं. नंतर फार तर वरून कोथिंबीर घालता येते.

याच भागातल्या एका शहराच्या सिटी मॅनेजरच्या ऑफिसात मी चौदा वर्षं हेच काम केलं. पदाचं नाव लांबलचक होतं, इंटरगव्हर्नमेंटल रिलेशन्स मॅनेजर. पुण्यात आईला समजावताना "मंत्रालयात खेटे घालतो" एवढं पुरायचं. शहराचं नाव सांगत नाही, पण आसपासच्या शहरांत पद्धत थोड्याफार फरकाने हीच आहे.

अमेरिकेतलं शहर बाहेरून फार ताकदवान वाटतं. स्वतःचे पोलिस, स्वतःचं पाणी, स्वतःची पार्क्स, कुठे काय बांधता येईल ते ठरवणारे झोनिंगचे नकाशे. कायद्याच्या नजरेत मात्र ते राज्याचं लेकरू. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८मध्ये निकाल दिला की राज्याने दिलेत तेवढेच अधिकार शहराला. त्याची सावली आजही पडलेली आहे. वॉशिंग्टनने १९६७च्या कायद्याने बऱ्याच शहरांना बरीच मोकळीक दिली, पण कर कोणता आणि किती लावायचा, कॅमेऱ्याने चलन कुठे फाडायचं, घरभाड्यावर मर्यादा घालायची का, हे सगळे दोर ऑलिंपियाच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीच्या, हातात आहेत. आपल्याकडे पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. ती महापालिकेने दिली, राज्याने काढली आणि २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळानेच परत दिली. मग लोक पीटी-३ फॉर्म घेऊन रांगेत उभे राहिले. कर शहराचा, निर्णय राज्याचा. हे ज्याने पाहिलंय, त्याला इथली गोष्ट निम्मी कळलेली असते. फरक इतकाच की इथल्या शहराचे ठराव एखाद्या कलम ४५१खाली मंत्रालयातून विखंडित होऊन परत येत नाहीत. इथे शहराला आमदारांच्या दारात जाऊन कायदाच बदलून घ्यावा लागतो. म्हणून ही यादी.

एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत सिअ‍ॅटलच्या कौन्सिलवर होत्या, तेव्हा घरभाडं नियंत्रणावर त्यांनी रान उठवलं. पण शहरांनी भाडं नियंत्रित करू नये असा राज्याचा कायदा १९८१पासून आहे. त्यामुळे २०१५मध्ये सिअ‍ॅटल कौन्सिलला जे करता आलं ते एवढंच, की ही बंदी उठवा किंवा बदला असा ठराव करून तो ऑलिंपियाला पाठवायचा. बंदी उठली नाही. तब्बल दहा वर्षांनी, २०२५मध्ये, राज्याने एचबी १२१७ने (एचबी म्हणजे हाउस बिल) स्वतःच राज्यभर भाडेवाढीवर मर्यादा घातली: महागाई अधिक ७ टक्के किंवा १० टक्के, यातलं जे कमी असेल ते. शहराने मागितलं एक, राज्याने दिलं दुसरं, तेही एका दशकानंतर. या धंद्यातलं हे नेहमीचंच माप आहे.

त्यामुळे कमिटीत पहिला प्रश्न येतो तो "हा विषय किती महत्त्वाचा?" असा कधीच येत नाही. "याची चावी कोणाकडे?" असा येतो. चावी शहराच्याच खिशात असेल तर विषय यादीत जाणारच नाही, मग तो कितीही जिव्हाळ्याचा असो. यावरून नागरिकांचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो. यादीत नाही म्हणजे कौन्सिलला पर्वा नाही, असं त्यांना वाटतं. पुष्कळदा अर्थ उलटा असतो: त्या कामाला ऑलिंपियाची गरजच नसते.

तुमच्याच प्रश्नाकडे या नजरेने बघा. शाळेच्या खुणेच्या क्रॉसवॉकच्या दोन्ही बाजूंना ३०० फुटांपर्यंत, पाट्या लावल्या असतील तर, ताशी २० मैलांची मर्यादा राज्याच्या कायद्यात आधीपासून आहे. आतल्या वस्तीतल्या लहान रस्त्यांवर इंजिनिअरिंगचा अभ्यास न करता २० मैल लावायची मुभा शहरांना २०१३च्या एचबी १०४५ने मिळाली; तीही राज्याच्या कायद्यानेच मिळालेली चावी आहे. पण तुमचा रस्ता राज्य महामार्ग. तिथे शहराने वेग बदलला तरी राज्याच्या परिवहन खात्याची, म्हणजे डब्ल्यूएसडॉटची, मंजुरी लागते. म्हणजे चावी राज्याकडे खरी, पण खात्याकडे, विधिमंडळाकडे नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, म्हणून विधिमंडळाच्या यादीत तो बसत नाही. राहिला सिग्नल. त्याला पैसे लागतात, आणि पैशांचा रस्ता विधिमंडळातून जाऊ शकतो. त्याकडे नंतर येतो.

आता यादी शिजते कशी ते सांगतो.

जूनमध्ये मी सगळ्या खातेप्रमुखांना मेमो पाठवायचो: गेल्या वर्षभरात "राज्याचा कायदा आडवा आला" असं तुम्ही कधी म्हणालात ते लिहून पाठवा. पब्लिक वर्क्सकडून हमखास चौदा-पंधरा प्रकल्पांची यादी यायची, प्रत्येकापुढे कोट्यवधी डॉलर. पोलिसांकडून दोन ओळी. पार्क्सवाल्यांना आठवण करावी लागायची. न्यायालयाच्या प्रशासकाकडून एखादी अशी बारीक अडचण यायची की ती समजायलाच मला अर्धा दिवस लागे; पण कामाची बहुतेक तीच निघे, कारण कायद्यातला एक शब्द बदलून सुटणारी असे. २०२४च्या एचबी २३८४मध्ये अशीच एक गोष्ट होती. रस्त्यावरच्या स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेलं उल्लंघन तपासायला आधी पोलिसच लागायचा. आता प्रशिक्षित नागरी कर्मचारीही तपासू शकतो. ही बातमी कोणाच्या घरी पोचत नाही, पण तेवढ्या तासांसाठी एक पोलिस रस्त्यावर मोकळा होतो.

फायनान्सकडून मात्र दरवर्षी एकच मागणी यायची: एक टक्का. वॉशिंग्टनमध्ये शहराला मालमत्ता कराची एकूण वसुली वर्षाला एक टक्क्याहून जास्त वाढवता येत नाही. नव्या बांधकामाचा कर तेवढा वेगळा धरतात. जास्त हवं तर लोकांचं मत घ्यावं लागतं. ही मर्यादा २००१च्या इनिशिएटिव्ह ७४७ने, म्हणजे नागरिकांनी मांडून लोकमताने मंजूर झालेल्या प्रस्तावाने, आली, २००७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि त्याच महिन्यात विधिमंडळाने खास अधिवेशन बोलावून परत लावली. हिशोब अगदी सोपा आहे. शहराची वसुली दोन कोटी डॉलर असेल तर वाढीव मिळतात दोन लाख. पगार, विमा, गाडी, प्रशिक्षण धरून तेवढ्यात एखादाच पोलिस बसतो, आणि त्या वर्षी महागाई चार टक्के असली तर जुन्यांचे पगार भागवताना तोही बसत नाही.

२०२५मध्ये ही मर्यादा तीन टक्क्यांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव विधिमंडळात आला आणि अखेरीस वगळला गेला. दरवर्षी कमिटीतला एखादा नवा सदस्य विचारायचा, "होणार नाही हे माहीत असताना यादीत का ठेवता?" उत्तर असं की एका वर्षी काढलं, तर पुढच्या वर्षी आमदार म्हणतो, शहरांनाच नकोय वाटतं. काही ओळी जिंकायला लिहितात, काही जागा धरून ठेवायला. लोकलमध्ये रुमाल टाकतात ना, तसं.

जुलैअखेर माझ्या टेबलावर साठ-सत्तर मागण्या जमायच्या. कमिटीपुढे जायच्या वीस-पंचवीस. अंतिम यादीत वरच्या रकान्यात पाच, फार तर सहा. आमचं शहर तीन लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्टमध्ये विभागलेलं होतं. प्रत्येक डिस्ट्रिक्टचा एक सेनेटर आणि दोन हाउस प्रतिनिधी, म्हणजे एकूण नऊ आमदार. यादी त्या नऊ जणांनी वाचावी म्हणून लिहिलेली असते. डिसेंबरात आमदाराच्या टेबलावर शहरं, काउंटी, शाळा, बंदरं, संघटना अशा डझनावारी याद्या पडलेल्या असतात. पंधरा मागण्या लिहिल्या तर तो हसून घेतो आणि पानाखाली पान जातं.

आमची कमिटी तिघांची होती. कौन्सिल सात जणांचं. चौथा आला की कोरम होतो आणि ती आख्ख्या कौन्सिलची सभा ठरते. राज्याचा ओपन पब्लिक मीटिंग्ज अ‍ॅक्ट १९७१पासून लागू आहे, आणि कमिटी कौन्सिलच्या वतीने काही ठरवत असेल तर तिलाही तो लागू होतो. म्हणून आम्ही बैठका खुल्याच ठेवल्या होत्या. अजेंडा वेबसाइटवर, दार उघडं, भिंतीलगत सहा खुर्च्या. चौदा वर्षांत त्या खुर्च्यांवर बाहेरचा माणूस मी मोजून दहा-बारा वेळा पाहिला असेल. हे मुद्दाम सांगतोय.

तिघांची निवडही बघण्यासारखी असते. ज्यांना पुढे ऑलिंपियाला जायचं असतं त्यांना ही कमिटी आवडते, आणि त्यात गैर काही नाही. राज्यातले अनेक आमदार सिटी कौन्सिलमधूनच वर गेले आहेत. वंदना स्लॅटर बेलव्ह्यूच्या कौन्सिलवर होत्या, उस्मान सलाहुद्दीन रेडमंडच्या, जेसिका बेटमन ऑलिंपियाच्या. त्यांच्यापुढे बसल्यावर "शहराला बजेट जुळवावंच लागतं" हे पहिल्यापासून समजावावं लागत नाही. अर्थात शहराची सगळी दुखणी माहीत असलेला माणूस आपलं गाऱ्हाणं लगेच मानतो असंही नाही. कुठलं गाऱ्हाणं फुगवलेलं आहे तेही त्याला नेमकं कळतं.

एक बैठक जवळून दाखवतो. २०२२चा ऑक्टोबर. त्या वर्षाच्या सुरुवातीला एका प्लॉटवर एकच घर ही झोनिंगची अट शिथिल करणारं एचबी १७८२ हे बिल बारगळलं होतं, आणि जानेवारीत ते नव्या रूपात येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कौन्सिल उभं फाटलेलं. कमिटीतले एक जण बाजूने, एक विरोधात, आणि तिसऱ्या बाई दोघांच्या ईमेलना कंटाळलेल्या. मी मसुद्यात ओळ लिहिली होती: शहर घरांच्या वैविध्याला पाठिंबा देतं, मात्र झोनिंगचे निर्णय स्थानिक पातळीवर राहावेत.

विरोधातले सदस्य खूश. बाजूचे सदस्य म्हणाले, "या वाक्यात 'मात्र' आहे ना, आमदार तिथूनच वाचायला सुरुवात करतो. हा विरोध आहे, फक्त टाय लावून आलेला." मग "मात्र"च्या जागी "त्याच वेळी" आलं. मग "निर्णय"च्या जागी "लवचिकता". चाळीस मिनिटांनी तिसऱ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "हा कायदा झालाच असं धरा. आपल्याला त्यात काय हवंय?" खोलीत जरा शांतता झाली. मग प्लॅनिंगच्या प्रमुखांनी तीन गोष्टी सांगितल्या: नियम बदलायला पुरेसा वेळ, जिथे सांडपाण्याची लाइन पुरत नाही तिथे मुदतवाढ, आणि प्रत्येक शहराने वेगळा वकील लावू नये म्हणून राज्याने नमुना नियम करून द्यावेत. ओळ तशी लिहिली गेली. "पाठिंबा" आणि "विरोध" हे दोन्ही शब्द तिच्यात नव्हते. कौन्सिलमध्ये ती ६-१ने गेली.

जानेवारी २०२३मध्ये जेसिका बेटमन यांचं एचबी १११० आलं आणि मे महिन्यात तेव्हाचे गव्हर्नर इन्स्ली यांची सही झाली. ७५ हजारांवर लोकवस्तीच्या शहरांना बहुतेक निवासी प्लॉटवर चार घरं, मोठ्या ट्रान्झिट स्टॉपजवळ सहा. २५ ते ७५ हजारांच्या शहरांना दोन आणि चार. पायाभूत सोयी कमी असतील तिथे मुदतवाढीची सोय आणि राज्याच्या कॉमर्स खात्याने तयार करायचे नमुना नियम, दोन्ही कायद्यात आहेत. आमच्या ओळीमुळे आले असं म्हणणं फुशारकी होईल. बरीच शहरं तेच मागत होती. पण सुनावणीच्या दिवशी आम्हाला बोलायला काहीतरी होतं, एवढं नक्की.

सुनावणीत नाव नोंदवताना इथे तीन पर्याय असतात: प्रो (बाजूने), कॉन (विरोधात) आणि अदर (इतर). नवख्यांना "अदर" म्हणजे पळवाट वाटते. मला विचाराल तर शहरांचं निम्मं खरं काम त्या तिसऱ्या चौकटीत होतं. "कॉन" म्हटलं की स्पॉन्सर, म्हणजे बिल मांडणारा आमदार, तुमच्याशिवाय मतं मोजायला लागतो. "अदर" म्हटलं की त्याच्या ऑफिसातून दुपारी फोन येतो, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

यादीत मागण्यांखेरीज आणखी एक पान असतं, तत्त्वांचं. ते कोणी वाचत नाही. "राज्याने निधी न देता नवी जबाबदारी लादू नये", "शहराच्या महसुलाची साधनं अबाधित राहावीत", अशी गुळगुळीत वाक्यं. पण अधिवेशन सुरू झालं की गाडी याच पानावर चालते. वॉशिंग्टनचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं; विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी जेमतेम ६०. हजारो बिलं. सोमवारी कळतं की बुधवारी सकाळी आठला सुनावणी आहे, आणि नाव नोंदवायची खिडकी सुनावणीच्या तासभर आधी बंद होते. कौन्सिलची बैठक महिन्यात दोनदा. तेव्हा शहराची भूमिका मांडायची परवानगी मला कुठून मिळणार? त्या तत्त्वांच्या पानातून. बिल त्यातल्या एखाद्या वाक्यात बसलं तर मी कमिटीच्या अध्यक्षांना एक ईमेल टाकून सुनावणीत शहराचं नाव नोंदवू शकत होतो. बसलं नाही तर कमिटीच्या साप्ताहिक कॉलची वाट बघायची. त्यामुळे वरच्या पाच मागण्यांवर कौन्सिल तासभर भांडायचं तेव्हा मी गप्प बसायचो, आणि तत्त्वांच्या पानावर कोणी एखादा शब्द बदलला की ताठ होऊन बसायचो.

अधिवेशनातल्या बाकीच्या कवायती भरभर सांगतो. कटऑफच्या तारखा असतात. त्या तारखेपर्यंत बिल कमिटीतून सुटलं नाही तर त्या वर्षापुरतं संपलं. अपवाद "एनटीआयबी", म्हणजे बजेट राबवायला आवश्यक मानलेली बिलं. कोणतं बिल अचानक एनटीआयबी होईल हे देवाला आणि नेत्यांना ठाऊक. बिलाचा शहरांवर किती खर्च पडेल याचा अंदाज कॉमर्स खात्याचा एक विभाग काढतो आणि त्यासाठी शहरांना प्रश्नावली पाठवतो, उत्तराची मुदत दोन-चार दिवस. यादीतल्या सुंदर वाक्यांपेक्षा तिथे वेळेत भरलेला आकडा पुष्कळदा जास्त काम करतो, आणि तो भरणारी फायनान्समधली व्यक्ती कधी फोटोत दिसत नाही.

एकट्या शहराचं वजन किती? सिअ‍ॅटल सोडलं तर फारसं नाही. म्हणून असोसिएशन ऑफ वॉशिंग्टन सिटीज ही राज्यातल्या २८१ शहरांची संघटना, आणि आमच्या भागातल्या किंग काउंटीत साउंड सिटीज असोसिएशन. त्यांच्या याद्याही याच सुमारास बनतात, आणि आमची कमिटी मुद्दाम बघायची की आपल्या पाचातल्या किती मागण्या तिथेही आहेत. दोन-तीन तिथे असाव्यात, म्हणजे ओझं वाटलं जातं. पाचही तिथे असतील तर मग वेगळ्या यादीची गरजच काय? २०२५मध्ये पोलिसांसाठीच्या निधीचं एचबी २०१५ मंजूर झालं, त्यात शहरांना आणि काउंट्यांना विक्रीकरात ०.१ टक्का वाढ लोकमताशिवाय करायची मुभा आणि १० कोटी डॉलरचं अनुदान आलं. असं काम एकटं शहर करूच शकत नाही. शाळेजवळचा एक सिग्नल मात्र तुमच्यासाठी कोणतीही संघटना मागणार नाही.

आणि इथे पैशांचा विषय येतो. राज्याच्या कॅपिटल बजेटमध्ये, म्हणजे बांधकामांच्या बजेटमध्ये, स्थानिक प्रकल्पांसाठी थोडी रक्कम असते. शहर किंवा संस्था फॉर्म भरते, आमदार तो पुढे करतो. रस्त्यांचं वेगळं बजेट आहे आणि तिथे नवे मोठे प्रकल्प सहसा पॅकेजमध्ये येतात, काही वर्षांतून एकदा: २००५, २०१५, २०२२. पॅकेजच्या आधीच्या वर्षी कमिटी प्रकल्प ऐकायला उत्सुक असते. नंतरच्या वर्षी कोणी दारात उभं करत नाही. तुम्ही गेलात ते वर्ष कोणतं होतं, यावर निम्मं उत्तर अवलंबून असतं, आणि हे कोणी तुम्हाला तोंडावर सांगत नाही.

माझी एक चूक सांगतो. एका पार्कमधल्या ओढ्यावर पादचारी पूल हवा होता. कमिटीचा लाडका प्रकल्प, दोन आमदार तयार, फोटो सुरेख. फॉर्मवर प्रश्न होता, जागा तुमच्या ताब्यात आहे का? पुलाच्या एका टोकाची बारा फुटांची पट्टी दुसऱ्याच मालकीची होती आणि तिची बोलणी चालू होती. मी लिहिलं, "प्रक्रिया सुरू आहे." मार्चमध्ये यादी आली, आमचा पूल त्यात नव्हता. आमदाराच्या असिस्टंटने नंतर प्रेमळपणे सांगितलं की "प्रक्रिया सुरू आहे" वाचलं की ते लोक पुढच्या फॉर्मवर जातात. त्या पट्टीचा करार व्हायला आणखी चार महिने लागले, आणि पुलाला आणखी दोन वर्षं.

आता तुम्ही काय करावं.

पहिलं, पब्लिक वर्क्सच्या ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरला ईमेल करून तीनच प्रश्न विचारा. हा पट्टा राज्य महामार्गच आहे ना, सिग्नल कोणी बसवायचा, आणि शहराच्या सहा वर्षांच्या ट्रान्सपोर्टेशन प्रोग्रॅममध्ये हे काम आहे का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर ऑलिंपिया विसरा. आधी त्यात यायला हवं. जे शहराच्या स्वतःच्या कागदावर नाही ते आमदारापुढे मागायची हिंमत कुठलीच कमिटी करत नाही, कारण त्याचा पहिला प्रश्न तोच असतो. हा प्रोग्रॅम दरवर्षी सुधारला जातो आणि त्यावर जाहीर सुनावणी होते.

दुसरं, डब्ल्यूएसडॉटचा "सेफ रूट्स टू स्कूल" हा कार्यक्रम नेमका अशाच कामांसाठी आहे आणि दर दोन वर्षांनी अर्ज मागवतो. शहराने अर्ज करावा म्हणून शाळेचं आणि पालक संघटनेचं पत्र कामी येतं. ते तुम्ही मिळवून देऊ शकता. मग कमिटीकडे मागायचं वाक्यही बदलतं. "आमचा रस्ता दुरुस्त करा" याऐवजी "या कार्यक्रमाचा निधी कायम ठेवावा, असं यादीत घाला". हे वाक्य कमिटीला आवडतं: राज्याचा विषय आहे, इतर शहरंही तेच म्हणतायत, आणि शहराच्या तिजोरीतून काही जात नाही. तुमचा सिग्नल त्याच्या पोटातून येतो.

तिसरं, आमदारांना स्वतः भेटा. अधिवेशन नसताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ते डिस्ट्रिक्टमध्येच असतात आणि अर्धा तास देतात. इथे एक गंमत आहे. शहराचा कर्मचारी म्हणून मी आमदाराला शहराची भूमिका सांगू शकत होतो, पण सरकारी पैशातून तुम्हाला "आमदाराला फोन करा" असं सांगायला राज्याचा कायदा मज्जाव करतो. त्यामुळे तुम्ही मला भेटून विचारलं असतं तरी मी फक्त बिलाचा नंबर आणि सुनावणीची वेळ सांगून खिडकीबाहेर बघितलं असतं. आज त्या खुर्चीत नाही, म्हणून मोकळेपणी लिहितोय. फोन करा. असिस्टंटचं नाव लिहून ठेवा. वर्षभर तुमच्याशी तीच व्यक्ती बोलणार आहे.

मराठी मंडळाच्या वतीने जावं का, असंही तुम्ही विचारलंय. जा, पण मंडळाच्या लेटरहेडवर सह्यांचा गठ्ठा नेऊ नका. चाळीस सह्यांपेक्षा त्या क्रॉसिंगवर रोज उभ्या राहणाऱ्या क्रॉसिंग गार्डने सांगितलेली चार वाक्यं जड पडतात. शिवाय एकाच समाजाची मागणी वाटली की कमिटी नकळत तिला सांस्कृतिक कार्यक्रमाच्या खान्यात टाकते. हे योग्य नाही, पण मी होताना पाहिलंय. शेजारच्या दोन कुटुंबांना आणि शाळेच्या प्रिन्सिपॉलना बरोबर घ्या.

कमिटीची ऑगस्टची बैठक शहराच्या कॅलेंडरवर सापडेल. नाव प्रत्येक शहरात वेगळं असतं, "लेजिस्लेटिव्ह" किंवा "इंटरगव्हर्नमेंटल" हा शब्द शोधा. तिथे टिप्पणीची वेळ ठेवलेली असेलच असं नाही, पण सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पोचलात तर अध्यक्ष स्वतःच विचारतात की तुम्ही कोण. एकच कागद न्या. वर रस्त्याचं नाव आणि राज्य महामार्गाचा नंबर, खाली सकाळी साडेआठ ते नऊ या वेळेत तीन वेगवेगळ्या दिवशी किती मुलांनी रस्ता ओलांडला त्याची मोजणी, आणि शेवटी ते निधीचं एक वाक्य, यादीत जसंच्या तसं चिकटवता येईल असं लिहिलेलं. मसुदा करणारा कर्मचारी त्या वेळी साठ मागण्यांत बुडालेला असतो, आणि तयार वाक्य मिळालं तर तो ते उचलतो.